शालनच्या हाताचा जवळा

शालनच्या वैशालीचा फोन आला तेव्हा मी अंगणात आमसुलं उलटत होते. “मावशी, आई गेली,” एवढंच ती म्हणाली. पहाटे छातीत कळ आली, अलिबागला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. फोन ठेवला आणि मी पुन्हा आमसुलं उलटायला लागले. शालनशी मी दीड वर्षं बोलले नव्हते. रेवदंड्यासारख्या गावात, दोन आळ्यांच्या अंतरावर राहून दीड वर्षं न बोलणं आपोआप होत नाही, ते रोज ठरवून करावं लागतं...

शालन आणि मी बावीस वर्षं खानावळ चालवली. माझ्या घराच्या पडवीत चार टेबलं, मागच्या स्वयंपाकघरात शालन. ती कोळीवाड्यातली, मासळी कळायला तिला डोळे लागत नसत, बोटं पुरायची. मी पुढचं बघायचे. आज काय करायचं, कुणाला काय वाढायचं, सगळं मी ठरवायचे. आमच्याकडे येणारे एसटीचे ड्रायव्हर, बँकेतली माणसं एक वेळ सुरमई विसरले असते, पण तिचा सुका जवळा विसरत नसत. जवळा भाजत आला की ती तव्यावर आमसुलाच्या पाण्याचा हबका मारायची आणि लगेच झाकण घालायची. त्यानं जी आंबूस, धुरकट चव यायची ती मी गावात दुसरीकडे कुठंच खाल्ली नाही. मला स्वतःला ती कधी जमली नाही.

मग एका संध्याकाळी भांडी आवरताना ती म्हणाली की गुडघे साथ देत न्हायत, आता चुलीपाशी उभं राहणं व्हायचं न्हाय. वैशालीनंही तिला तंबी दिली होती म्हणे. तिच्याशिवाय खानावळ चालवण्यात अर्थ नव्हता, महिनाभरात मी ती बंद केली. दर सोमवारी मी तिच्याकडे जायचे. सोमवारीच ये, असं तिनंच सांगितलं होतं. नारायण तेल कोमट करून मी तिचे गुडघे चोळायचे. ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसायची. तेलाचा हात पुसून मी निघाले की म्हणायची, “बरं वाटलं गो.” आठ महिने हे चाललं.

माझा भाचा सुमित नव्या मुंबईत नोकरी करतो. बढती मिळाली म्हणून एका रविवारी दुपारी तो मला अलिबागच्या वाटेवरच्या एका मोठ्या हॉटेलात घेऊन गेला. जपान, थायलंड, कोरिया, सगळ्या देशांचं जेवण तिथं एकमेकांत मिसळून मिळतं, असं त्यानं सांगितलं. आत मंद दिवे, बांबूचे पडदे, मुंबईहून आलेली माणसं हळू आवाजात बोलत होती. मला त्या काड्यांनी खाता येईना, तेव्हा वाढणाऱ्या मुलीनं न मागता काटा आणून दिला. पहिलं काहीतरी सूप झालं. मग काळ्या दगडाच्या थाळीत वाफवलेले पांढरे पाव आले, आत कुरकुरीत बोंबील आणि वर कसलासा लालसर सुका चुरा. मी एक घास घेतला आणि माझा हात थांबला.

तो शालनचा जवळा होता. शंकाच नव्हती. सुमित विचारत होता, तिखट लागलं का... मी त्या मुलीला विचारलं, हे कोण करतं. ती कौतुकानं म्हणाली, आमच्या शालनकाकी, आठ महिने होतील आता, सोमवारी आम्ही बंद असतो तेवढीच त्यांना सुट्टी. आणि मी काही म्हणायच्या आत ती तिला बोलवायला गेली.

काळा एप्रन, डोक्याला काळं फडकं. मला बघून शालन दोन पावलं अलीकडेच थांबली. माझ्या तोंडून एवढंच निघालं, “गुडघे कसे आहेत?”

“दुखतात गो,” ती म्हणाली. “ते खोटं न्हाय.”

ते खरंच असणार. तिथं दिवसभर उभं राहून ते दुखत होते आणि मी ते चोळत होते.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात आली. आत ये, असं मी म्हटलं नाही. बाहेरूनच बोलली. त्या हॉटेलातले आचारी तिला विचारतात, काकी, यात अजून काय घालावं, आणि ती सांगते ते ऐकतात. “आपल्याकडं तू सांगायचीस, मी रांधायची. बावीस वर्सं.”

मी म्हटलं, “मग हे मला सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस?”

मी दार लावून घेतलं. उत्तर तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

दहाव्याला त्या हॉटेलचा मुख्य आचारी आला होता, तरुण, डोळे रडून लाल झालेले. ओटीवर बसलेल्यांना तो सांगत होता की काकींनी आमच्याकडे येईपर्यंत घराबाहेर कधी रांधलंच नव्हतं, त्यांनी स्वतःच तसं सांगितलं होतं, एवढी चव घरात बसून होती... वैशालीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ती खानावळ सोडून गेली हे एक वेळ मी समजू शकते. ती वारली त्याला आता सहा आठवडे झाले, तेवढ्यात स्वतःला तिच्या जागी ठेवून पाहिलंय मी, तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ती चार टेबलं, ती बावीस वर्षं तिनं कुणाला सांगण्याजोगीसुद्धा ठेवली नाहीत. हे मात्र गिळवत नाही.

शालन डावखुरी होती. माझ्या स्वयंपाकघरात आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात तिनं मीठ, हळद, मसाला सगळं ओट्याच्या डाव्या बाजूच्या फळीवर मांडलं, आणि मी उजव्या हाताची, इतकी वर्षं आडवा हात टाकून मीठ घेत आले. दहाव्याहून परत आले त्या दुपारी मी ती फळी पुसून काढली, सगळ्या बरण्या उजवीकडे नेल्या. तिची सोय आता कुणासाठी जपायची? परवा वरणात मीठ घालायला हात गेला तो डावीकडेच. रिकाम्या फळीवर बोटं टेकली... वरण उकळत होतं. मी मिठाची बरणी तेवढी परत तिथं ठेवली. बाकीच्या उजवीकडेच आहेत.