अकरा जोड बूट

संपात गिरणीतली नोकरी गेल्यावर मी परळच्या एका लहान कॉलेजात कारकून झालो. तिथे फुटबॉलचे संघ दोन, मुलांचा आणि मुलींचा. बूट मात्र अकराच जोड. मुलींच्या संघात खेळणारी माझी मुलगी बोटांपुढे चिंध्या कोंबून ते मोठे बूट घालायची.

मुलींच्या उपांत्य सामन्याच्या सकाळी क्रीडाशिक्षक म्हणाले, "बूट मुलांना लागतील, त्यांची प्रॅक्टिस आहे."

सामनासुद्धा नव्हे, प्रॅक्टिस! मुली मैदानात उतरल्याच नाहीत.

वार्षिक अहवालात क्रीडाशिक्षकांनी मला लिहायला लावलं, 'मुलींचा संघ उपांत्य फेरीत पराभूत.' पुन्हा नोकरी जायला नको म्हणून मी मुकाट्याने लिहिलं.

घरी अहवाल वाचून मुलगी म्हणाली, "बाबा, किती गोलांनी हरलो हो आम्ही?"

क्रीडाशिक्षकांची किळस मला आलीच होती. त्या दिवशी माझीही आली.