मेणावरून ओळखलेली शहरं

वीणेच्या दांडीवर चोवीस पडदे असतात आणि ते कोळशाची पूड घातलेल्या काळ्या मेणात बसवतात. तंजावरातल्या एका वीणेच्या कारखान्याचा मी फिरता विक्रेता होतो. कारखाना म्हणजे राजवाड्यामागच्या बोळातली एक पडवी, तीन सुतार आणि त्या तिघांपेक्षा मोठी पाटी. नमुन्याची वीणा घेऊन मी गावोगाव हिंडे आणि शहरं मेणावरून ओळखे. मद्रासच्या घामट हवेत मेण चिकट होई, आणि तिथले दुकानदार वीणेआधी माझे जोडे पाहत. बंगळूरला मेण शहाण्यासारखं वागे, कॉफी उत्तम मिळे आणि उत्तर ‘पुढच्या महिन्यात’ असं मिळे. हैदराबादेत नकार इतक्या अदबीने देत की तो मला रस्त्यावर आल्यावर कळे.

तिथेच एकदा उन्हाने दोन पडदे सरकले आणि गिऱ्हाईक गेलं. परत आल्यावर आमचे म्हातारे मुख्य सुतार तमिळमध्ये म्हणाले, “मेण लावता येत नाही आणि वीणा विकतोस? त्यापेक्षा भोपळे वीक.” मग दोन महिने रोज सकाळी त्यांनी मला शेगडीपुढे बसवलं. बोटं भाजली, पण पडदे बसवता येऊ लागले.

साठ सालाच्या आसपास मागणी आटली. वीणेसाठी आणलेले फणसाचे चार ओंडके वाळून तयार होते आणि एक कंत्राटदार ते दारांच्या चौकटींसाठी मागत होता. “तू नागपूरहून येईपर्यंत थांबतो,” सुतार म्हणाले. “रिकामा आलास तर लाकूड त्याचं. मग मीही चौकटीच करीन.” नागपूरच्या एका संगीतशाळेला रेल्वेतल्या दक्षिणी कुटुंबांच्या मुलींसाठी चार वीणा घ्यायच्या होत्या. ठरलं होतं एवढंच, की शाळेच्या बाई आधी वाजवून बघणार.

मे महिना होता. स्टेशनवर एका गृहस्थांनी गळ्यात हार घालून छापील पत्रिका हातात दिली. मी घरी मराठी बोलणारा, पण शाळा तमिळ आणि इंग्रजी; देवनागरी तेव्हा वाचता येत नव्हती. वेळापत्रक असेल समजून मी ती खिशात ठेवली. ते माझ्या सत्काराचं निमंत्रण होतं.

तंजावर आणि नागपूर, दोन्ही गावांचे जुने राजे एकाच आडनावाचे, तेवढ्यावरून मला राजघराण्याच्या आसपासचा ठरवलं होतं. माझे वडील तहसील कचेरीत कारकून होते, हे मी दोनदा सांगितलं. लोकांनी ते विनयात जमा केलं. पत्र्याच्या मांडवात तीन भाषणं झाली. वीणा दुपारपासून व्यासपीठावर शोभेला ठेवली होती. तिसऱ्या वक्त्याने दक्षिणदिग्विजयाला हात घातला तेव्हा मला मेणाचा वास आला.

उठून पाहिलं तर सात पडदे ओघळले होते. शाळेच्या बाई पहिल्या रांगेत होत्या. त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, “हीच भीती होती मला. तंजावरची वस्तू इथे बिघडली तर दुरुस्त कोण करणार? आम्ही आपल्या तंबोऱ्यावरच बऱ्या.”

अध्यक्ष माझ्यासाठी शाल उलगडत होते. मी म्हणालो, “शाल मागाहून द्या हो. मज आधी एक शेगडी द्या, आणि एक सळई.”

“अहो, सत्कारमूर्ती शेगडीपुढे बसणार?”

“बसणार. तुमचं भाषण चालू द्या.”

मांडवामागच्या आचाऱ्याने शेगडी दिली. मी बाईंना म्हणालो, “आपण निघू नका. माझा हात बरा आहे, कान आपला लागेल.” त्या नाखुशीने बसल्या. मी तापल्या सळईने मेण मऊ करी, पडदा सरकवी, त्या तार छेडून म्हणत, “खाली. अजून. आता फार झालं, मागे घ्या.” चौथ्या पडद्याला त्यांनी पदर खोचला आणि सळई स्वतःच्या हातात घेतली. पाचवा वाकडा बसला. त्यांनी तो उखडून पुन्हा लावला. सातवा त्यांनी एकट्यांनी बसवला. तोवर आभारप्रदर्शन उरकून मांडव रिकामा झाला होता.

बाईंनी एक आलाप वाजवला, बोटांना लागलेलं काळं मेण पाहिलं आणि म्हणाल्या, “हे तर मला जमलं की. चार पाठवा. मेण जास्तीचं पाठवा.”

मी आधी तारघरात गेलो आणि सुतारांना तार केली: लाकूड देऊ नका, चार वीणा. परतताना अध्यक्षांनी आठवणीने शाल आणून दिली. ती मी पाण्यात भिजवून वीणेच्या दांडीला गुंडाळली. तंजावरपर्यंत एकही पडदा हलला नाही.