जहाजाच्या वेळेवरचा माणूस

आमच्या सांता क्रूझ गावाच्या धक्क्यावर पर्यटकांचं मोठं जहाज लागलं की आमचा बँड वाजतो. मोठा ढोल वाजवतात क्रिसोफोरोकाका, माझ्या दुलियामावशीचे यजमान. मी ट्रम्पेट फुंकतो. नीट फुंकत नाही, असं काकांचं मत. ढोल बडवणाऱ्याला सुरातलं काय कळतं, असं माझं.

उतारू अर्ध्या चड्ड्या घालून, लालबुंद खांदे घेऊन खाली येतात आणि काकांना गाठून फोटो काढतात. काकांचं पोट कुठे संपतं आणि ढोल कुठे सुरू होतो, हे फोटोतही कळत नाही.

धक्क्यावर राबणाऱ्या माणसाचं घड्याळ जहाजाच्या वेळेवर असतं. हंगामात जहाजं पश्चिमेकडून येतात आणि त्यांची वेळ आमच्या एक तास मागे असते. कप्तान काही आमच्यासाठी काटे फिरवत नाही. बाकीचे लोक घरी गेल्यावर घड्याळ पुन्हा गावाच्या वेळेला आणतात. काकांनी तो नाद कधीच सोडला होता. म्हणायचे, "रोज किती कान पिळायचे त्याचे? उपटून हातात येतील."

त्यामुळे तासाचा हिशेब मावशीकडे. सकाळी ती दारात उभी राहून ओरडायची, "अहो, तुमच्या तीनला या जेवायला! म्हणजे आमच्या चारला!" शेजारणी चिडवायच्या, "दुलिया, तुझा नवरा जन्मभर तुझ्यापेक्षा तासभर मागेच." मावशी म्हणायची, "असू दे गं. तेवढाच तासभर तरुण मिळाला."

मावशी फेब्रुवारीत गेली. साखरेनं आधी तिचा पाय नेला, मग तिला.

ज्या जागी शवपेटी ठेवली होती, त्या जमिनीवर चुन्याचा क्रूस काढला. दफन झालं तरी तो नऊ दिवस तसाच राहतो, चार कोपऱ्यांना मेणबत्त्या, संध्याकाळी जपमाळ. नवव्या दिवशी मानकरी तो तुकड्यातुकड्यानं उचलतात, पायाकडून डोक्याकडे. तोवर माणूस घरातच असतं. डोकं उचललं की जातं. आणि तोवर घरातल्या वाजवणाऱ्यानं वाद्याला हात लावायचा नसतो.

ते दिवस काका स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होते. कुणी कॉफी दिली की प्यायचे. दुसऱ्या कुणी दिली की तीही प्यायचे. कुणी गळ्यात पडून रडलं तर त्याच्या पाठीवर थोपटायचे, जणू त्याचीच बायको गेलीय.

"दगड झालाय नुसता," आई म्हणाली.

"दगडाला तहान नसते बाई. ह्याची कॉफी पुरवता पुरवता तुझी किटली भोकं पडून जाईल," एर्मेलिंदाबाई म्हणाल्या. गावातल्या सगळ्या मयतांच्या प्रार्थना त्याच सांगतात. त्यांच्यापुढे पाद्रीसुद्धा हळू बोलतो.

नेमकं नवव्या दिवशी जहाज होतं. सकाळीच बँडमास्तर प्रिसिलियानो टोपी हातात घेऊन दारात.

"क्रिसोफोरो, तुझ्या जागी घेतलाय तो ढोल वाजवतो की गोधडी झटकतो, कळत नाही. आजच्या दिवस ये."

"संध्याकाळी क्रूस उचलायचाय."

"पाचला ना? जहाज साडेचारला सुटतंय. आरामात पोचशील."

काका उठले. आई आडवी आली. "सुतकात ढोल?"

"इथे बसून तरी काय करू?" काका म्हणाले. रागानं नाही. खरंच विचारत असल्यासारखे.

प्रिसिलियानोची साडेचार जहाजाची होती आणि एर्मेलिंदाबाईंची पाच गावाची. हे त्या खोलीत एकाच माणसाच्या चटकन लक्षात आलं असतं, आणि तिचाच क्रूस जमिनीवर होता. काकांनी ढोलाला काळी फीत बांधली नि गेले. ती फीत पोशाखातलीच समजून उतारूंनी तिचेही फोटो काढले म्हणे.

मी गेलो नाही. क्रूसाचा डावा हात उचलायचा मान माझ्याकडे होता.

पाच वाजले. मानकरी जमले, केळीच्या पानात गुंडाळलेले मक्याचे तामाले वाफेवर होते. काका नाहीत.

"मेलेल्याला मी थांबवू शकत नाही, जिवंताला शोधून आण," एर्मेलिंदाबाई मला म्हणाल्या. "मेणबत्त्या जळतायत तोवर थांबते."

मेणबत्त्यांची बोटभर थुटकं उरली होती. मी मोटारसायकल काढली.

धक्क्याच्या फाटकावर नेस्तोर. शाळेत माझ्याच पाटीवरून बघून लिहायचा.

"पास?"

"अरे, मी रोज इथे वाजवतो!"

"ट्रम्पेट कुठाय? ट्रम्पेटशिवाय तू कोणीही असू शकतोस."

"मावशीचा क्रूस उचलतायत रे. काका आत आहेत."

त्याने आडवा बांबू वर केला. "गाडी ठेव इथे. पळ."

धक्क्याच्या टोकाला निरोपाचं गाणं चाललं होतं. बायका हातात पेले घेऊन नाचत होत्या. मी लांबूनच मनगटावर बोट आपटलं. काकांनी घड्याळ बघितलं आणि वेळ आहे, अशी मान हलवली. मी कानाशी जाऊन ओरडलो, "काका, हे जहाजाचे चार! घरी पाच होऊन गेले!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. समजलं, हे मला दिसलं. हात मात्र थांबला नाही. नाचणाऱ्या बायका थांबत नाहीत म्हणून प्रिसिलियानोनं शेवटचा भाग पुन्हा घेतला, आणखी पुन्हा घेतला. काकांनी सगळा वाजवला. ठोका एकदाही चुकला नाही. हे मी नंतर बँडमध्ये कौतुकानं सांगितलं आणि सांगता सांगताच वाटलं, सांगायला नको होतं.

ढोल पाठीला बांधून ते माझ्या मागे बसले. वारा ढोलात भरून गाडी मागे ओढत होता.

घरी जमीन स्वच्छ होती. एर्मेलिंदाबाई खोक्यावर झाकण ठेवत होत्या. आत चुना. माझ्या वाट्याचा, क्रूसाचा डावा हात आईनं उचलला होता.

"डोक्याची प्रार्थना मी दोनदा म्हटली, क्रिसोफोरो," त्या म्हणाल्या. "मेणबत्त्या विझल्या. आणखी अडवून धरली असती तर तिलाच वाटलं असतं, ही बया मला जाऊ देत नाही."

"गेली का?"

"गेली."

"बरं."

ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. पाठीवर ढोल तसाच, त्यामुळे टेकता येईना. मी तो सोडवून घेतला. आईनं तामाले दिले, ते त्यांनी खाल्ले. दुसऱ्या कुणी दिले, तेही खाल्ले.

"गाणं अर्धवट सोडून का नाही निघालात?" मी विचारलं.

"हात थांबले नाहीत." मग तामाल्याच्या पानाची घडी घालत म्हणाले, "ती असती तर सकाळीच ओरडली असती."

आई स्वयंपाकघरात निघून गेली.

मी म्हटलं, "आणा ते घड्याळ, गावाच्या वेळेला लावून देतो." त्यांनी मनगट मागे घेतलं. "असू दे. धक्क्यावर लागतं."

त्यानंतर पुष्कळ जहाजं आली. काका वाजवतात, फोटोत उभे राहतात. जहाज सुटून आम्ही वाद्यं आवरायला लागलो की मला विचारतात, "घरी किती वाजले रे?"

मी सांगतो.

"मग निघायला हवं," काका म्हणतात, आणि जहाज पार बारीक होईपर्यंत ढोलाच्या पेटीवर बसून राहतात.