जोडकार्डावरचं क्षेम

“बहनजी, यह लू नहीं है. हार्ट अटैक है, और शायद सुबह से चल रहा है.”

ईसीजीची लांबलचक पट्टी दोन्ही हातांत ताणून धरत डॉ. माथुर हे बोलले, तेव्हा माझ्या हातात कैरीच्या पन्ह्याचा थर्मास होता. ऊन लागलं असं समजून सकाळपासून मी ह्यांना तेच पाजत होते.

हे म्हणजे माझे यजमान. विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायचे. आम्ही मूळचे कराडचे, पण नोकरीपायी जयपूरला येऊन बारा वर्षं झाली होती. राजा पार्कमध्ये एका पंजाबी कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. एप्रिल महिना, परीक्षांचे दिवस. आदल्या दिवशी भर उन्हात हे स्कूटरवरून बस्सीच्या परीक्षा केंद्रावर जाऊन आले होते. सकाळी उठले ते घामाने भिजलेले. मळमळतंय म्हणाले, जबडा दुखतोय म्हणाले, डावा हात भरून आलाय म्हणाले. घाम आणि मळमळ उन्हामुळे, हात स्कूटरच्या क्लचमुळे आणि जबडा दाढेमुळे, असं सगळं मी नीट वाटून टाकलं.

आमची मृणाल तेव्हा नववीत होती. ती दोनदा म्हणाली, “आई, पापांना पसीना येतोय. मतलब, पंख्याखाली बसून येतोय.” मी तिला कांदा किसायला बसवलं, तळपायाला चोळण्यासाठी. शेवटी खालच्या मालकीणबाई, त्यांना सगळा मोहल्ला बीजी म्हणायचा, वर आल्या, ह्यांचा चेहरा पाहिला आणि मोठ्या मुलाला फियाट काढायला सांगितलं.

हे मी अशासाठी लिहितेय, की उन्हाळ्यात अशा गफलती घराघरांत होत असतील. पंख्याखाली बसलेल्या माणसाला घाम फुटला, तर पन्हं करत बसू नका.

डॉक्टरांनी सांगितलेलं नाव होतं मायोकार्डिअल इन्फार्क्शन. हृदयाच्या स्नायूला रक्त नेणारी एक नळी बंद झाली आणि तेवढा तुकडा उपाशी राहून मेला, असा त्याचा अर्थ. “बाकी दिल ज़िंदा है, उसी से काम चलाना है,” डॉ. माथुर म्हणाले. बुटके, बारीक, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. सरकारी इस्पितळात इतकी गर्दी, पण हा माणूस स्टूल ओढून पेशंटशेजारी बसायचा. त्यांना बसलेलं पाहिलं की माझे गार पडलेले हातपाय थोडे गरम व्हायचे.

पहिले चार दिवस हे कॉरोनरी केअर युनिटमध्ये होते. तिथे छातीला तारा लावतात आणि पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत जाते. मी दाराच्या काचेतून ह्यांच्याकडे कमी आणि त्या रेघेकडे जास्त बघायची. नंतर दहा दिवस साध्या वॉर्डात. तिथे ह्यांची जीभ पूर्ववत झाली. नर्सला नाडी मोजताना म्हणाले, “सिस्टर, तीन बार गिनकर औसत निकालिए.” तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हा माणूस घरी येणार.

त्याच वॉर्डात डॉक्टरांनी आपल्या अभ्यासाची गोष्ट काढली. त्यांच्याकडे तपकिरी कापडी बांधणीची एक वही होती. सुट्टी मिळून घरी गेलेल्या प्रत्येक हृदयरोग्याला ते वर्षभर दर महिन्याला एक जोडकार्ड पाठवत. एका अर्ध्या भागावर प्रश्न, दुसऱ्या अर्ध्या भागावर डॉक्टरांचा पत्ता घातलेला. उत्तर लिहायचं, फाडायचं आणि पेटीत टाकायचं. “हम छुट्टी का काग़ज़ देते हैं और समझते हैं, काम अच्छा हुआ,” ते म्हणाले. “अच्छा हुआ कि नहीं, यह तो घर जाकर पता चलता है. मरीज़ सीढ़ी चढ़ता है या नहीं. दवा खाता है या नहीं. छह महीने बाद है या नहीं.” शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे न बघता उच्चारलं.

आमचे हे तर पलंगावर उठूनच बसले. नमुना कसा घ्यावा, जे उत्तर देत नाहीत त्यांना सोडून दिलं तर अभ्यास कसा आंधळा होतो, यावर डॉक्टरांना अर्धा तास व्याख्यान दिलं. डॉक्टरांनी ते वहीत लिहून घेतलं. मी शहाळ्यात नळी घालून हातात दिली, तेव्हा कुठे थांबले.

घरी आलो. आमच्याकडे बावीस पायऱ्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पहिले काही आठवडे दिवसाला एकदाच, हळू, आणि छातीत दुखलं तर थांबून जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी धरायची. पहिलं कार्ड आलं मे महिन्यात. तबीयत कैसी है? दवा नियमित लेते हैं? सीने में दर्द? सीढ़ी चढ़ने में तकलीफ़?

माझं हिंदी बोलण्यापुरतं. लिहायचं म्हटलं की ऱ्हस्वदीर्घाची तारांबळ. म्हणून मी सांगायची आणि मृणाल लिहायची. लहानपणापासून मी जी पत्रं लिहिली आणि वाचली, त्यांची सुरुवात एकच असायची: इकडील सर्व क्षेम. कार्ड तर उघडंच असतं. पोस्टमन वाचतो, खालच्या मजल्यावर वाचतात. त्यावर कोणी दुखणं लिहितं का? मी म्हातारीला, म्हणजे कराडला माझ्या आईला, ह्यांच्या अटॅकबद्दल ‘जरा उन्हाचा त्रास झाला होता’ एवढंच कळवलं होतं. डॉक्टरांना लिहिलं: आपकी कृपा से सब कुशल-मंगल है. दर्द बिलकुल नहीं. सीढ़ी में कोई तकलीफ़ नहीं.

पहिल्या तीन कार्डांपर्यंत ते खरंही होतं.

ऑगस्टमध्ये हे चौदाव्या पायरीवर थांबायला लागले. किल्ल्या चाचपायच्या, खिसे उलटेपालटे करायचे, आणि मग पुढे. किल्ली हातातच असायची. सप्टेंबरात नववी पायरी आली. तिथून बीजींची जाई दिसते, तिचं ह्यांना अचानक कौतुक वाटू लागलं. बारा वर्षांत त्या जाईकडे ढुंकून पाहिलं नव्हतं! मी विचारलं तर म्हणाले, “चढउतार असतातच. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो.” मला ते पटवून घ्यायचं होतं, म्हणून पटलं.

सप्टेंबरचं कार्ड लिहिताना मृणाल थांबली. “पण आई, पापा तर रुकतात. मतलब, रोज.”

“मी सांगितलं तेवढं लिही,” मी म्हणाले.

खरं सांगते, आम्ही नुसती सवय म्हणून लिहीत नव्हतो. ज्या माणसाने स्टूल ओढून ह्यांच्याशेजारी बसून ह्यांना परत दिलं, त्याला ‘दुखतंय’ असं लिहिणं म्हणजे त्याच्या कामात खोट काढल्यासारखं वाटायचं. आणि आत खोलवर असंही होतं, की लिहिलं तर ते खरं होईल. भीती वाटायची मला. हे आंघोळीला गेले की मी न्हाणीघराच्या दाराशी उगाच डबे पुसत उभी राहायची.

दिवाळीच्या आधी ह्यांना पुन्हा परीक्षेची कामं घ्यायची लहर आली. त्यासाठी प्रकृती ठीक असल्याचं डॉक्टरांचं पत्र हवं होतं. “तू जाऊन आण, तुझ्यावर त्यांचा विश्वास आहे,” असं म्हणून मला पाठवलं. स्वतः गेले असते तर डॉक्टरांनी तपासलं असतं, हे त्या संख्याशास्त्रज्ञाला चांगलं ठाऊक होतं. आणि मलाही.

दुपारी बाह्यरुग्ण विभाग रिकामा झाल्यावर डॉक्टरांनी मला बसवलं. टेबलावर कार्डांचा गठ्ठा होता. “आपके कार्ड तो हर बार सबसे अच्छे आते हैं,” ते म्हणाले आणि पत्राचा कागद ओढला. पण पेन उघडलंच नाही. “आज मन ठीक नहीं है, बहनजी.”

त्यांनी गठ्ठ्यातलं वरचं कार्ड काढलं. त्याचा एक कोपरा फाडलेला होता. तिकडे मृत्यूची बातमी अशा कार्डावरून कळवतात, हे मला बीजींनी कधीतरी सांगितलं होतं. असं कार्ड हातात घेण्याची वेळ मात्र आली नव्हती. जयपूरजवळच्या चौमूं गावाहून आलं होतं. नावावर अंगठा धरून डॉक्टरांनी मला खालच्या ओळी दाखवल्या. मुलाने लिहिलं होतं: पिताजी नहीं रहे. माँ कहती है, दो महीने से दर्द था. डॉक्टर साहब को बुरा लगता, इसलिए नहीं लिखवाया.

मग त्यांनी त्याच घरून आलेलं आधीचं कार्ड त्याच्याशेजारी ठेवलं. आपकी कृपा से सब कुशल-मंगल है. दर्द बिलकुल नहीं. सीढ़ी में कोई तकलीफ़ नहीं.

अक्षर वेगळं होतं. बाकी सगळं माझं होतं.

“मैं पूछता रहा,” डॉक्टर म्हणाले, “और वे लोग मेरा मन रखते रहे.” चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. त्या बाईंना मी कधी पाहिलं नाही. पण त्या क्षणी त्या माझ्याशेजारच्या खुर्चीवर बसल्यासारख्या वाटल्या, पदर सावरून, हात मांडीवर ठेवून, माझ्यासारख्याच कोणाला न दुखावणाऱ्या.

“डॉक्टरसाहब,” मी म्हणाले, “हमारे ये नौवीं सीढ़ी पर रुकते हैं.”

“कब से?”

“भादों से. पहले चौदहवीं थी.” मग मला थांबता येईना. चाव्या सांगितल्या, जाई सांगितली, आणि कोणालाच न सांगितलेलं तेही सांगितलं: “कल दाढ़ी करते-करते बैठ गए. सीने पर हाथ था. मैंने पूछा तो बोले, ब्लेड ख़राब है.”

डॉक्टर उभे राहिले. “बैठे-खड़े भी दर्द? बिना चढ़े?” मी मान डोलावली. “बहनजी, चिट्ठी नहीं मिलेगी. पलंग मिलेगा. अभी ले आइए, और सीढ़ी से चलाकर नहीं, कुर्सी पर उतारकर.”

याला अन्स्टेबल अंजायना म्हणतात. नळी पूर्ण बंद झालेली नाही, पण होण्याच्या बेतात आहे, आणि विश्रांती घेतानाही छाती दुखते. हा टप्पा म्हणजे हृदयाने दिलेली शेवटची सूचना असू शकते. हे वाक्य प्रत्येक घरातल्या कर्त्या बाईने पाठ करून ठेवावं.

बीजींच्या दोन मुलांनी ह्यांना वेताच्या खुर्चीत बसवून बावीस पायऱ्या उतरवलं. वरातीतल्या नवरदेवासारखे उंचावर, आणि चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. माझ्याकडे बघून म्हणाले, “फितूर झालीस शेवटी.”

“झाले,” मी म्हणाले. जिन्यात उभी राहून मी इतकी रडले, की बीजींनी माझं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं. “रो ले पुत्तर, ओ तेरे ही ने, किधरे नहीं जांदे,” त्या म्हणत राहिल्या. तुझेच आहेत ते, कुठे जात नाहीत.

पुढचं थोडक्यात सांगते. आठवडाभर सलाईनमधून रक्त पातळ ठेवणारं औषध दिलं, दुखणं शमलं. मग मुंबईला माझ्या भावाकडे राहून अँजिओग्राफी केली, म्हणजे मांडीतल्या नळीतून औषध सोडून हृदयाच्या नळ्यांचं चित्र काढलं. तीन नळ्या अरुंद निघाल्या. बायपास झाली: पायातली शीर काढून तुंबलेल्या जागेला वळसा दिला. ऑपरेशनच्या दिवशी मी सात तास एका बाकावर बसून होते आणि आईला कार्ड लिहीत होते. या वेळी खरं लिहिलं. म्हातारीचं उलट टपाली उत्तर आलं: मला एप्रिलपासूनच ठाऊक होतं, तुझं अक्षर सांगत होतं.

जयपूरला परतल्यावर डॉ. माथुर घरी आले. ते आणि हे दोन संध्याकाळी कार्डाचा नवा मसुदा करत बसले. ‘तबीयत कैसी है’ हा प्रश्न सगळ्यात आधी गेला. त्याचं उत्तर आपल्या देशात ठरलेलं आहे, असं ह्यांनी शास्त्रीय गांभीर्याने सांगितलं. त्या जागी आलं: घरात किती पायऱ्या आहेत, कितवीवर थांबता? जिना नसेल तर विहिरीपर्यंत किंवा नळापर्यंत जाताना कुठे थांबता? कार्ड कोण लिहितंय? आणि अगदी तळाशी, ठळक अक्षरात एक ओळ, ती डॉक्टरांनी कोणालाही बदलू दिली नाही: तकलीफ़ लिखने से डॉक्टर को बुरा नहीं लगता.

ती ओळ चौमूंच्या त्या बाईंची आहे, असं मी मानते. त्यांना ती कधी कळणार नाही. माझं कुंकू राहिलं त्यात त्यांच्या गेलेल्या माणसाचा वाटा आहे. त्याची उतराई कशी व्हायची मला माहीत नाही. म्हणून हे लिहितेय. तुमच्या माणसाला बरं करणाऱ्याचं मन राखू नका. त्याला कळू द्या. त्यासाठीच तर तो स्टूल ओढून तुमच्याजवळ बसतो.

डॉक्टरांचं कार्ड वर्षभराचंच होतं, पण आमचं सुरूच राहिलं. आता मी स्वतः लिहिते, ऱ्हस्वदीर्घासकट चुकीचं हिंदी. परवाचं असं आहे:

‘सीढ़ियाँ बाईस. एक बार रुके, सोलहवीं पर. दर्द नहीं था, साँस भी ठीक थी. नीचे बीजी पराँठे सेंक रही थीं. छुपाना नहीं है, इसलिए लिख दिया. दो खाए.’