अकरा मिनिटांचं टेंगूळ

भर उन्हाळ्यात, अंगाची लाही लाही होत असताना, तपकिरी लोकरी स्वेटर घालून चहा पिणारा माणूस त्या सगळ्या माल-अड्ड्यावर एकच होता. म्हणून त्याचं नाव स्वेटर पडलं. बरोबरीचे स्वेटर म्हणत, धाकटे स्वेटरकाका. त्याची गाडी फुलांची. मागचा पांढरा डबा म्हणजे चाकांवरचा फ्रीजच, आत चार अंश. दिवसातून दहा वेळा त्यात शिरायचं आणि बाहेर यायचं. दर वेळी घालत-काढत कोण बसणार? स्वेटर बायकोने विणलेला होता आणि त्याची डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं लांब होती. "माप घेताना तुम्ही हललात," एवढंच तिचं त्यावर म्हणणं होतं, आणि ते बावीस वर्षांत बदललं नव्हतं.

अड्ड्यावर एक उतरंड होती. सगळ्यात वर फुलांची गाडी, तिच्याखाली दूध, मग मासळी, मग फळं आणि अगदी तळाला बटाटे. फुलांचा ड्रायव्हर टपरीवर आला की बाकावरचे लोक सरकून जागा करत. बटाटेवाला बनियनवर येऊन उभ्यानेच चहा प्यायचा. हा नियम कुणी केला, असं विचारलं की सगळे स्वेटरकडे बघत आणि स्वेटर कपात बघे.

डब्याच्या आत, छताजवळच्या आकड्याला, साबणाच्या वडीएवढी एक पांढरी पेटी लटकलेली असे. आतलं तापमान ती दर मिनिटाला टिपायची आणि संध्याकाळी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्याची रेघ उमटायची. ड्रायव्हर लोक तिला चुगलखोर म्हणत. स्वेटरच्या गाडीची रेघ फूटपट्टीने मारल्यासारखी सरळ असे. फक्त सकाळी नऊ वीसला तिला एक टेंगूळ यायचं. अकरा मिनिटांचं. रोज.

तीन वर्षं त्या टेंगळाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मग ऑफिसात नव्या तपासनीस मॅडम आल्या. वय सत्तावीस-अठ्ठावीस, चष्मा मोठा, बोलणं मोजकं. आधी त्या साबण-बिस्किटांच्या गोदामात होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वेटरला बोलावून पडद्यावर बोट ठेवलं.

"काका, हे काय?"

"तिथला रस्ता खराब आहे, मॅडम. गाडी हादरते. पेटी घाबरते."

"रोज? अकराच मिनिटं?"

"भित्री आहे हो फार."

मॅडम हसल्या नाहीत. "वाटेत फुलांचं दार उघडायचं नाही, हा नियम तुम्हाला माहीत आहे. आणखी एकदा ही रेघ अशी दिसली, की सोमवारपासून तुम्ही बटाट्याच्या गाडीवर."

स्वेटर बाहेर आला तो घाम पुसतच. बटाट्याच्या गाडीला फ्रीज नसतो. तिथे स्वेटर घालून बसला असता तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. आणि स्वेटर काढला असता तर त्याला हाक तरी काय म्हणून मारायची?

पण दार उघडणं थांबवावं, तर ते आणखी कठीण होतं. कारण नऊ वीसला त्या दाराशी त्याची थोरली बहीण उभी असायची.

ताईने तीस वर्षं फुलांच्या पॅकिंगमध्ये काढली होती. टेबलावरून सरकणाऱ्या फुलांतून लांब दांड्याचं एकीकडे, आखूड दांड्याचं दुसरीकडे आणि दुखावलेलं तिसरीकडे. गुडघे गेले आणि तिने काम सोडलं. हातांना मात्र ते कुणी कळवलं नाही. घरातले चमचे लांबीप्रमाणे लागले. शेजारणीचे वाळत घातलेले कपडे लांबीप्रमाणे लागले. एकदा तिने भाजीवाल्याच्या टोपलीतल्या काकड्या लावून दिल्या तेव्हा त्याने हात जोडले. महिन्याभरात दाजींचा स्वेटरला फोन आला. "तुझ्या बहिणीला काहीतरी काम शोध बाबा. नाहीतर मला तरी तुझ्या डब्यात घाल. चार अंश चालतील मला."

मग स्वेटरने एक थाप मारली. म्हणाला, ताई, कंपनीला वाटेत माल तपासायला जाणतं माणूस हवंय. पगार नाही, मान आहे. फक्त कुठे बोलू नकोस, बाकीच्यांचा जळफळाट होईल. ताईने दुसऱ्याच दिवशी जाड पुठ्ठ्याची वही आणली आणि रकाने आखले: तारीख, खोका, दोष, काय केलं आणि शेवटी 'कंपनीची सही'. त्या शेवटच्या रकान्याने स्वेटरच्या तोंडचं पाणी पळालं. पण शनिवारी तो वही घेऊन जायचा, केबिनमध्ये स्टिअरिंगवर ठेवायचा आणि जीभ दाताखाली धरून आठवड्याभराच्या सह्या ठोकून आणायचा. "साहेब खूश आहेत," एवढा निरोपही सोबत असे. ताईला चढायला त्रास होतो म्हणून त्याने दोन पायऱ्यांचं लाकडी स्टूलसुद्धा करवून दिलं होतं.

आता तिला काय सांगायचं? तुझी नोकरी गेली? नव्हतीच ती?

स्वेटरने रात्रभर विचार केला आणि सकाळी बायकोचा थर्मास पळवला. नऊ वीसला ताईच्या दारात गाडी लागली, तशी त्याने दाराच्या फटीतून आत शिरून चुगलखोराला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं, थर्मासात बर्फाच्या खड्यांमध्ये निजवलं, झाकण लावलं आणि मग ऐटीत दार सताड उघडलं. अकरा मिनिटांनी पेटी पुन्हा आकड्याला. दिवसभर तो शीळ घालत गाडी हाकत होता.

संध्याकाळी मॅडमनी बोलावलं. पडद्यावर टेंगूळ नव्हतं. त्या जागी खड्डा होता, शून्यापर्यंत गेलेला.

"काका, कालपर्यंत पेटी घाबरत होती. आज काय झालं? गोठली?"

स्वेटर गृहपाठ न केलेल्या मुलासारखा छताकडे बघू लागला. बर्फ शून्य अंशाचा असतो आणि आपला डबा चार अंशांचा, हे बावीस वर्षं गारठ्यात काढलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं. घरी बायको विचारत होती ते वेगळंच: "माझा थर्मास कुठे होता? आणि त्याला गुलाबाचा वास का येतोय? बावीस वर्षांत घरात एक फूल आणलं नाहीत, आणलात तो वास, तोही थर्मासातून!"

दुसऱ्या दिवशी सकाळी अड्ड्यावर माल चढत असताना मॅडमनी त्याला ऑफिसात बसवून नियमांचं पत्रक वाचायला दिलं. वाचून होईतो गाडी भरली, दार लागलं. तो केबिनमध्ये चढला, तर बाजूच्या सीटवर मॅडम.

"आज मी येतेय. जरा बघू तो खराब रस्ता."

ताईला फोन करायचा तर शेजारी मॅडम. तो हवेबद्दल बोलला, टायरबद्दल बोलला, दुधाच्या ड्रायव्हरच्या मेहुण्याबद्दलही बोलला. रस्ता मात्र आज हट्टाने गुळगुळीत होता. नऊ सतराला वळण आलं. फाटकाशी ताई उभी होती: एका हातात वही, दुसऱ्या हातात स्टूल. स्वेटरने नाकासमोर बघितलं आणि ॲक्सिलरेटर दाबला. सुसाट निघून जायचं आणि संध्याकाळी पाय धरायचे, असा त्याचा बेत होता.

ताईने शांतपणे दोन पावलं पुढे येऊन स्टूल रस्त्याच्या मधोमध ठेवलं.

गाडी स्टुलापासून वीतभर अंतरावर थांबली.

"वेग जास्त होता," ताई म्हणाली. "लिहिते." मग तिची नजर केबिनकडे गेली. "ही कोण?"

स्वेटरने तोंड उघडायच्या आत मॅडम म्हणाल्या, "मी कंपनीची."

"आलं बाई कुणीतरी एकदाचं! तीन वर्षं काम करतेय, एक माणूस फिरकला नाही. उतर, उतर. दार धर. अगं, असं नाही, तो प्लास्टिकचा पडदा आधी ओढ. सगळी गार हवा रस्त्याला देतेस का?"

मॅडमनी स्वेटरकडे पाहिलं. स्वेटरने दोन्ही हात जोडले, तेही ताईला दिसणार नाहीत असे, पोटाशी. मॅडम उतरल्या आणि त्यांनी पडदा धरला.

ताई स्टुलावरून डब्यात चढली. एक पाऊल टाकलं आणि थबकली. नाक वर केलं.

"केळी."

"काय?" मॅडम म्हणाल्या.

"फुलांच्या गाडीत केळी! पिकायला आलेली. सहा क्रेट." ती कार्नेशनच्या खोक्यांना चिकटून रचलेल्या क्रेटवर थापट्या मारत होती. "अगं, पिकत्या फळाची वाफ लागली की ही फुलं मान टाकतात. संध्याकाळी बाजारात उघडाल तेव्हा सगळी पेंगलेली. आणि केळ्याला हा गारठा सोसत नाही, ते बाहेरून काळंठिक्कर पडणार. एका डब्यात घालून दोघांचाही सत्यानाश! साबणाशेजारी बिस्किटं ठेवली तर काय होतं?"

"वास लागतो," मॅडमच्या तोंडून पटकन निघालं.

"मग? एवढं कळतं ना?" ताईने कानामागचं पेन काढलं. "कुणी भरलं हे? नाव सांग, लिहिते."

स्वेटरला उत्तर ठाऊक होतं. भरणीच्या कागदावर कुणाची सही असते, हे त्याला ठाऊक नसेल तर कुणाला? एक शब्द बोलला असता तर बटाटे टळले असते. तो स्वेटरच्या लांब बाहीत हात आत ओढून घेत म्हणाला, "ताई, मी आत ऑफिसात होतो. अड्ड्यावर कुणीतरी नवीन आहे. शिकतंय अजून."

"मी भरली," मॅडम म्हणाल्या. आवाज अगदी लहान झाला होता. "एक फेरी वाचेल असं वाटलं."

ताईने चष्म्यावरून त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. "बरं. खरं बोललीस. माझा भाऊ असता तर रस्ता खराब होता म्हणाला असता."

मॅडमना खोकला आला. तो बराच वेळ थांबेना.

केळ्यांचे क्रेट ताईच्या व्हरांड्यात उतरले. मॅडमनी फळांच्या गाडीला फोन लावला. ती दुपारी येऊन नेणार होती. ताईने बाकीचे खोके तपासले, दोन उलटे होते ते सरळ केले, आणि वही मॅडमपुढे धरली. "आता तू आहेसच, तर इथे सही कर."

मॅडमनी वही चाळली. तीन वर्षांची पानं होती. 'दुसरी रांग, खोका ओला, पुसला.' 'गुलाब पट्टीने आवळलेत, सैल केले.' 'डबा नीट धुतला नाही, भावाला बोलले.' बाजारातून खराब म्हणून परत येणारा माल या गाडीचा सगळ्यात कमी असतो, असं ऑफिसात सगळे म्हणत. गाडीचं मशीन नवीन आहे म्हणून, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मग मॅडमची नजर शेवटच्या रकान्यावर गेली. ती वळणदार, शेपटीवाली सही त्या रोज पाहत होत्या, ड्रायव्हरच्या फेरीपत्रकावर. त्यांनी मान वर केली. स्वेटर आता टायर तपासत होता, फार मन लावून.

मॅडमनी पेन घेतलं आणि सही केली.

"पण तुमच्या साहेबांची सही वेगळी असते," ताई म्हणाली.

"साहेब रजेवर आहेत," मॅडम म्हणाल्या. "बहुतेक परत येणार नाहीत."

गाडी निघाली. वळण मागे पडल्यावर स्वेटरने विचारलं. "मॅडम, आजचं टेंगूळ सव्वीस मिनिटांचं झालं असेल. काय लिहिणार तुम्ही?"

"पेटी घाबरली, असं लिहीन," मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, आणि या वेळी मात्र हसल्या.

दुपारी फळांची गाडी केळी न्यायला गेली, तेव्हा सहाही क्रेटमधले घड लांबीप्रमाणे लावलेले होते.

सोमवारी स्वेटर बटाट्याच्या गाडीवर गेला नाही. त्याच्या फेरीपत्रकावर एक नवी ओळ छापून आली: नऊ वीस, थांबा, तपासणी, अकरा मिनिटं. मारलेली थाप अशी छापून आलेली त्याने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली, आणि दुर्दैव असं, की ती कुणाला दाखवून मिरवायची सोय नव्हती. ताईसाठी कंपनीचा छापील फॉर्मही निघाला. तो बंद पाकिटातून थेट ऑफिसात यायचा. वही घेऊन शनिवारी कुणी फिरायची गरज उरली नाही.

त्याच संध्याकाळी मॅडमचा निरोप आला. स्वेटर आत गेला. मॅडमनी ताईचा पहिला फॉर्म समोर धरला आणि वाचायला सुरुवात केली.

"खोके सर्व ठीक. गाडी चार मिनिटं उशिरा. केबिनमधलं गाणं कोपऱ्यापासून ऐकू येतं. ड्रायव्हर दार उघडं टाकून माझ्या नवऱ्याशी गप्पा मारतो. त्याच्या स्वेटरची डावी बाही खोक्यात अडकते, आखूड करावी." त्यांनी कागद खाली ठेवला. "काका, कंपनीच्या तपासणीत निघालेला दोष आहे. दुरुस्त तर करावाच लागेल."

म्हणजे चुगलखोर आता दोन झाले होते, आणि दुसऱ्याला थर्मासात घालता येत नव्हतं.

घरी येऊन त्याने स्वेटर काढून बायकोपुढे ठेवला आणि झालं ते सांगितलं. तिने बाही उलटसुलट करून बघितली, सुया हुडकल्या, टेप काढली.

"उभे राहा सरळ," ती म्हणाली. "आणि ताईंना कळवा, माप घेताना तुम्ही हललात, तेही लिहा म्हणावं फॉर्मात."