गिरिजाच्या लग्नातला मधाचा साबण

साबण वापरला की झिजतो, पण साबणाचे किस्से वापरावेत तितके वाढतात! आमच्या साबण मंडळातल्या दोघी कुठेही भेटल्या की एकीने किस्सा काढायचा आणि दुसरीने त्याला फेस आणायचा, असं इतकी वर्षं चाललंय.

मंडळ म्हणजे सोलापुरात एकाच बोळात राहणाऱ्या आम्ही तिघी. मी शाळेत मास्तरीण. नीलव्वा मूळची मैंदर्गीची, हसली की मराठी आणि रागावली की कानडी. तिसरी नरसम्मा, तिच्या घरी मागावर चादरी निघायच्या आणि परसात सूत रंगवायचं काम चालायचं. सत्तरच्या दशकातले दिवस. दुकानात चांगला साबण आलाय असं कळून आपण पोचेपर्यंत तो संपलेला असायचा!

पण आम्ही साबणाच्या नादी लागलो ते टंचाईमुळे नव्हे. नीलव्वाच्या गिरिजाचं लग्न दुधनीला ठरत होतं. बैठकीत मुलाची आई म्हणाली, "पोरगी शिकलीया, ते ऱ्हाऊ द्या. घरात हातानं काय करतीया?"

नीलव्वा गडबडली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "साबन करती की! मधाचा!"

गिरिजाने तोवर स्वतःचा रुमालसुद्धा धुतला नव्हता!

"मग लग्नात आमास्नी त्योच द्या," असं म्हणून विहीणबाई उठल्या. झालं! आता साबण जमला नाही, तर आई खोटारडी हे पहिल्याच दिवशी ऐकून घेत पोरीला सासरी जावं लागणार होतं. नीलव्वाला जेवण जाईना.

*

कॉस्टिक सोडा नरसम्माच्या रंगकामातला. तेल करडईचं. मध आणायचा कुंभारीचा बिरप्पा. मेंढरं चारता चारता तो मधमाश्यांची पोळी काढायचा.

पहिल्याच दिवशी आम्ही गरम मिश्रणात तांब्याभर मध ओतला. पातेलं फुगायला लागलं! दूध उतू जातं तसं ते वर आलं, चुलीवर सांडलं, अंगणात निघालं. नरसम्मा बाजेवर चढली.

"दिष्ट लागली ग साबनाला!" म्हणत नीलव्वाने मीठमिरच्या आणल्या आणि पातेल्यावरून उतरवल्या. पण घाईत मूठ चुलीत न पडता पातेल्यातच पडली. माल कसा टाकणार? तशाच वड्या पाडल्या. पुढे त्यातली एक वडी आमच्या ह्यांनी आंघोळीला घेतली. त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा हे ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचले. धावतच!

*

नंतर शोभेसाठी गुलाबाच्या पाकळ्या आणि तुळस घातली. साबणात गेल्यावर सगळं काळं ठिक्कर पडलं. आमच्या हेडबाईंना मी एक वडी मोठ्या कौतुकाने दिली. त्यांनी ती उजेडात धरली आणि विचारलं, "उंदीर झालेत का हो घरात?"

नीलव्वा शेजारीच होती. ती ठसक्यात म्हणाली, "बाई, इकतच्या साबनात एवढं काय काय घावतं का?"

*

करडईच्या तेलाचा साबण काही केल्या घट्ट होईना. चिखलच! बिरप्पा म्हणाला, "मला द्या, लोकर कातरायच्या आदी मेंढरं धुतो." दोन दिवसांनी तो कपाळाला हात लावून दारात.

"बाई, मेंढरू लई चकचकीत झालं. पन बाकीची त्येला चाटायचं सोडंनात! चरायचं इसरली की समदी!"

मध कमी करायचं ठरलं. आधीच्या वड्यांना मुंग्या लागल्याच होत्या. साखरेच्या डब्याखाली पाण्याचं ताट ठेवतात, म्हणून नरसम्माने साबण थेट पाण्याच्या ताटात ठेवला. मुंग्या आल्या नाहीत. सकाळी साबणही नव्हता!

*

हळदीचा घाणा तर विचारूच नका. चांगली वाटीभर हळद घातली आणि डोळ्यांदेखत सगळं पातेलं लालभडक झालं! नीलव्वा कानडीत सुरू झाली. नरसम्मा मात्र हरखून पातेल्यात सूत बुडवायला निघाली होती. तिला ओढून बाजूला केलं आणि तिथल्या तिथे ठराव पास झाला. साबणात हळद घालायची नाही म्हणजे नाही!

*

लग्नाच्या आधी एक घाणा जमला. खोबरेल तेल, बेताचा मध, कडुलिंबाचा रस. वडी टणक, वास झकास. नीलव्वा वडी हातात घेऊन रडली. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू!

लग्न आमच्याच शाळेत, सुट्टीत. रुखवतात मध्यभागी साबण, न्हाणीतही साबण. विहीणबाईंनी वडी हुंगली. "बरा हाय," म्हणाल्या. "आता आंगुळीला बगू."

नवरदेवाला हळद लागली. उष्टी हळद गिरिजाला लागली. मग नवरदेव न्हाणीत गेला. थोड्या वेळाने आतून हाक आली, "आई ऽ, हे काय होतंय!"

तो बाहेर आला तो गळ्यापासून घोट्यापर्यंत लाल! कुंकवाच्या पोत्यातून काढल्यासारखा! वाजंत्रीवाल्यांची पिपाणी तोंडातच राहिली.

"यव्वा!" करून नीलव्वा जमिनीवर बसली. लग्न मोडलं, आणि ते आपण मोडलं, एवढंच मला सुचत होतं.

विहीणबाई सरळ गिरिजासमोर गेल्या. वडी पुढे धरून म्हणाल्या, "खरं सांग. ह्यो साबन तू केलास?"

गिरिजा हळदीने पिवळीधमक. तिने लाल नवऱ्याकडे पाहिलं, खाली बसलेल्या आईकडे पाहिलं.

"व्हय, मीच," ती म्हणाली. सासूच्या हातातली वडी घेतली, न्हाणीत गेली आणि आतून कडी लावली.

आत फक्त तांब्याचा आवाज.

कडी निघाली. गिरिजा बाहेर आली आणि नवऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली. दोघं सारखीच लाल!

विहीणबाईंनी दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग हळदीच्या वाटीत दोन्ही हात बुडवले, आपल्याच गालांना खसाखसा चोळले आणि सुनेपुढे तळवा पसरला.

"आन हिकडं त्यो साबन!"