पाचवी रिंग

बारा वर्षं रोहिणी गांगुर्डेने दुसऱ्यांनी केलेली कामं मोजली. आयटीआयला तिचा ट्रेड टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड कापायचं काम. अख्ख्या वर्गात मुली दोनच, आणि परीक्षेत पहिली आली ती ही. त्या दिवशी तिचे वडील, पुंजारामअण्णा, कॉलनीत घरोघरी जिलेबी वाटत फिरले होते. पण नाशकात अंबडच्या एका कंपनीत ती रुजू झाली तेव्हा सुपरवायझरने आधी तिच्याकडे पाहिलं, मग लेथकडे पाहिलं आणि तिच्या हातात मापाचा व्हर्नियर ठेवला. म्हणाला, "मुलांनी कापायचं, मुलींनी मोजायचं. आपल्याकडे असंच असतं." झालं. लोखंड कापायला शिकलेली बाई लेथपासून दहा पावलांवर टेबल मांडून बसली, ती तब्बल बारा वर्षं.

बसली म्हणजे नुसती खुर्ची उबवली नाही मात्र. कारखान्यात एक नियम असतो. मशीनवरून उतरलेला पहिला पीस मोजून त्यावर सही झाल्याशिवाय पुढचा कापायचा नाही. ज्याने कापला त्याने तो मोजायचा नाही. आणि सही झालेला तो पहिला पीस गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. तो मशीनपाशीच ठेवायचा, म्हणजे पुढचे सगळे त्याच्याशी ताडून पाहता येतात. रोहिणीने असे हजारो पहिले पीस पास केले आणि शेकडो परत पाठवले. त्या परत गेलेल्यांत एक झुंबर मिस्त्रींचा होता.

झुंबर मिस्त्री म्हणजे कंपनीतले सगळ्यांत जुने टर्नर. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. पीस केसभर मोठा आहे असं कालच्या पोरीने म्हटल्यावर त्यांनी आकाशपाताळ एक केलं. मग स्वतः मोजला आणि मुकाट्याने दुसरा कापायला घेतला. निवृत्तीच्या निरोपसमारंभात हार गळ्यात असताना म्हणाले, "तीस वर्षांत माझा एकच पीस परत आला, तो त्या गांगुर्डेच्या पोरीनं पाठवला." ही तक्रार होती की कौतुक, ते त्यांचं त्यांनाच माहीत.

पुढे कंपनीने आपलं बिऱ्हाड गुजरातेत हलवलं. रोहिणीने अंबडलाच लिंक रोडला गाळा घेऊन टायर, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंटचं दुकान टाकलं. नवरा प्रफुल्ल पोस्टात. तो म्हणाला, तुला जमेल. बाकी सगळे म्हणाले, बाईच्या हातून चाक बसवून घेणार कोण? योगायोग असा की शेजारचा गाळा झुंबर मिस्त्रींचा निघाला. निवृत्तीनंतर त्यांनी तिथे एक जुना लेथ टाकला होता आणि त्या लेथला ते कुणाला बोटही लावू देत नसत. "लेथ आणि दाताचा ब्रश, दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही," हे त्यांचं ब्रीदवाक्य. रोहिणीला ते "रबरवाली" म्हणायचे. तीही त्यांना सकाळचा चहा न चुकता पाठवायची.

हळूहळू गिऱ्हाइकं यायला लागली. रिक्षा, छोट्या गाड्या, कंपन्यांच्या टॅक्सी. पण जर्मन, झेक अशा युरोपातल्या गाड्या दुकानासमोरून सुसाट निघून जायच्या. नाशकात अशा गाड्यांच्या हौशी मालकांचा एक ग्रुप होता, बत्तीस जणांचा. चाकं मोठी करायची असोत की टायर बदलायचे असोत, ही मंडळी उठून पुण्याला जायची. आपल्या गावात हे काम होत नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. रोहिणीला त्याचा मनापासून राग यायचा.

आणि एका मंगळवारी त्या ग्रुपमधला एक जण तिच्या दारात गाडी घेऊन उभा राहिला. विंचूरचा कांद्याचा व्यापारी, नाव संतोष. गाडी जर्मन, सेकंडहँड, निळी. माणूस असा बोलका की समोरच्याला श्वास घ्यायला त्याची परवानगी लागावी.

"ताई, पुण्याला जायला टाइम नाय मला. मार्केट चालू हाय. ही सोळा इंची चाकं काढा आन् अठराची टाका, काळी अलॉय. रविवारी गंगापूर धरणाकडं आमच्या ग्रुपची गाठभेट हाय. लय शायनिंग मारायची हाय मला. जमंल का?"

"जमेल की, संतोषभाऊ."

"बघा हां. झकास झालं तर बत्तीसच्या बत्तीस गाड्या तुमच्या दारात लावतो. नाय झालं तर..." तो हसला. "आमचं तोंड तर तुम्ही बघतायच."

चाकं बसली तर बत्तीस गाड्या, नाही बसली तर बत्तीस तोंडं. रोहिणीने हिशेब ओळखला आणि कामाला लागली. रिम दोन इंच वाढते तेव्हा टायरची भिंत तेवढीच बुटकी घ्यावी लागते, म्हणजे चाकाची एकूण उंची पहिल्याइतकीच राहते आणि वेगाचा काटा खोटं बोलत नाही. तिने तसेच टायर मागवले. नव्या रिमला शोभतील असे बोल्ट घेतले. बॅलन्सिंग मशीनवर चारही चाकं फिरवली, पडद्यावर शून्य-शून्य येईपर्यंत वजनं लावली. गुरुवारी सकाळी गाडी तयार झाली. काळ्या चाकांवर ती गाडी खरोखर देखणी दिसत होती. झुंबर मिस्त्रीसुद्धा गाळ्याच्या दारातून मान लांब करून बघत होते, आणि ते तर काळा चष्मा लावून बसलेले, कारण चारच दिवसांपूर्वी त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं.

तासाभरात संतोष परत आला. या वेळी हसत नव्हता.

"ताई, ऐंशीच्या वर गेली की स्टेअरिंग थरथरतंय. दात वाजत्यात माझे."

रोहिणीने चाकं उतरवली, पुन्हा मशीनवर चढवली. शून्य-शून्य. बसवली, स्वतः चालवून पाहिली. साठ, सत्तर, गाडी शहाण्यासारखी. ऐंशीला थरथर सुरू. मागची चाकं पुढे घेतली. टायर रिमवर फिरवून बसवले. अलाइनमेंट पुन्हा केली. मशीन म्हणे सगळं ठीक, गाडी म्हणे अजिबात नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत हेच चाललं. बारा वर्षं मापावर विश्वास ठेवलेल्या बाईला पहिल्यांदा वाटलं की माप आपल्याला फसवतंय, आणि ती मनातून फार खचली.

संतोषने तिला दोष दिला नाही, हे तर आणखी लागलं. तो नुसतं म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, ताई. जुनी चाकं लावून द्या. मी बघतो पुण्याला."

तिने जुनं चाक उचललं. गाडीच्या हबवर, म्हणजे चाक ज्या गोल डोक्यावर बसतं त्यावर, ते टेकवलं. टक्क असा आवाज आला. बोल्ट घ्यायला ती वळली आणि वळता वळता थबकली. तिचे दोन्ही हात मोकळे होते. एकही बोल्ट लावलेला नव्हता, तरी चाक जागचं हललं नव्हतं.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना हबमधून खिळ्यांसारखे बोल्ट बाहेर आलेले असतात. चाक त्यांच्यावर टांगायचं आणि नट आवळायचे. हात त्याच सवयीचे. या गाडीला बाहेर आलेलं काही नाही, बोल्ट बाहेरून आत जातात. नवीन चाकं बसवताना रोहिणीने प्रत्येक वेळी चाक गुडघ्याने वर रेटून धरलं होतं आणि मग बोल्ट लावले होते. आणि हे जुनं चाक कुणी न धरता बसलंय!

तिने जुनं चाक काढून नवीन टेकवलं आणि हळूच सोडलं. ते धपकन खाली आलं.

व्हर्नियर दुकानाच्या खणात होता, पहिल्या पगारातून घेतलेला. तिने हब मोजला: सत्तावन्न पॉइंट एक मिलिमीटर. नव्या चाकाचं मधलं भोक मोजलं: त्र्याहत्तर पॉइंट एक. चाक हबवर बसलेलंच नव्हतं! चारी बाजूंनी आठ-आठ मिलिमीटर पोकळी आणि सगळा भार बोल्टांवर. आवळताना चाक केसभर खाली सरकत होतं. बॅलन्सिंग मशीन चाकाला त्या मधल्या भोकातच पकडतं, म्हणून तिथे शून्य. गाडीवर चाकाचं केंद्रच वेगळं, म्हणून थरथर. माप फसवत नव्हतं. आपणच मापायची जागा चुकलो होतो.

"संतोषभाऊ," ती ठामपणे म्हणाली. "उद्या दुपारी या. जुनी चाकं लावत नाही मी."

"आन् नाय जमलं तर?"

"तर ग्रुपमध्ये माझं नाव घेऊन सांगा."

आता त्या पोकळीत चपखल बसतील अशा चार रिंगा हव्या होत्या. आतून हबच्या मापाच्या, बाहेरून चाकाच्या. बाजारात त्या मिळतात, पण रविवारच्या आत नाशकात येण्याचं नाव नाही. शेजारी लेथ होता. शनिवारी सकाळी रोहिणी चहाचा कप स्वतः घेऊन झुंबर मिस्त्रींच्या दारात गेली आणि सगळं सांगितलं.

"मला दिसत नाही," मिस्त्री म्हणाले. "एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. डॉक्टरनं लेथपाशी जायला बंदी घातलीय. पंधरा दिवसांनी ये."

"मी कापते, काका."

मिस्त्रींनी सावकाश चहा संपवला. कप खाली ठेवला.

"शेवटचा लेथ कधी चालवलास?"

"आयटीआयला. चौदा वर्षं झाली."

"आणि कंपनीत?"

"कंपनीत तुम्ही कापायचात. मी बघायची. रोज आठ तास, बारा वर्षं. तुमचा हात कुठे थांबतो, शेवटचा कट किती हलका घेता, सगळं बघितलंय."

म्हाताऱ्याने काळ्या चष्म्याआडून तिच्या दिशेने पाहिलं. मग खिशातून गाळ्याच्या आतल्या मेन स्विचच्या पेटीची किल्ली काढली. "मी इथं दारात बसतो. आवाज ऐकतो. टूल किंचाळलं तर लेथ बंद करायचा, वाद घालायचा नाही. आणि पहिला पीस मला दाखवल्याशिवाय दुसरा नाही."

रोहिणीने अॅल्युमिनियमचा गोल बार लेथच्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत, आवळला. बटण दाबलं. पहिला कट घेतला. दारातून आवाज आला, "घाई." तिने फीड, म्हणजे टूल पुढे सरकायचा वेग, कमी केली. "आता बरं." चकचकीत कीस वळत वळत खाली पडायला लागला आणि तिच्या खांद्यांना हळूहळू सगळं आठवायला लागलं. आतलं भोक आधी, मग बाहेरचा व्यास. शेवटचा कट मिस्त्रींसारखा, अगदी नावापुरता. रिंग कापून हातात आली.

तिने रिंग मिस्त्रींच्या हातात दिली आणि सवयीने व्हर्नियर उचलला.

"तो ठेव खाली," मिस्त्री म्हणाले. "कापणाऱ्यानं मोजायचं नाही. विसरलीस?"

त्यांनी रिंगेच्या कडेवरून अंगठा फिरवला, आतून, बाहेरून. मग तिला म्हणाले, मला गाडीपाशी ने. चाक काढलेल्या हबवर त्यांनी चाचपत रिंग टेकवली आणि अंगठ्याने दाबली. रिंग सरकत गेली आणि टेकली. त्यांनी ती हलवून पाहिली. हलली नाही. ओढली तर निघाली. चाकाच्या भोकातही तशीच बसली.

"मार्कर आण," झुंबर मिस्त्री म्हणाले.

तिने मार्कर दिला आणि रिंग तळहातावर धरली. मिस्त्रींनी न दिसणाऱ्या डोळ्यांनी सही ठोकली. अर्धी रिंगेवर आली, अर्धी रोहिणीच्या तळहातावर. तिला रडू फुटलं, आणि ते तिने लपवलं नाही. "आता दुसऱ्या चार काप," म्हातारा खेकसला, "रडून माप सुटेल."

दुपारी चार रिंगांवर चार चाकं बसली. टक्क, टक्क, टक्क, टक्क. प्रत्येक वेळी तिने दोन्ही हात मोकळे करून संतोषला दाखवले, मगच बोल्ट लावले.

विल्होळीच्या पुढे मुंबईच्या रस्त्याला संतोष चालवत होता, रोहिणी शेजारी. साठला तो कांद्याच्या भावावर बोलत होता. सत्तरला मार्केटच्या राजकारणावर. ऐंशीला तो बोलायचा एकदम थांबला. नव्वद. त्याने स्टेअरिंगवरचा एक हात काढला. दुसऱ्या हाताचं नुसतं बोट ठेवलं. गाडी सरळ, रेघ आखावी तशी चालली होती. चांगली दोन किलोमीटर गाडी गेली तरी संतोष विंचूरकर एक अक्षर बोलला नाही, आणि असं आयुष्यात पहिल्यांदा घडत असावं.

"ताई," शेवटी तो म्हणाला, "लोण्यावानी चाललीय हो!" आणि मग जो सुरू झाला तो अंबड येईपर्यंत थांबला नाही.

सोमवारी सकाळी रोहिणी दुकान उघडायला आली तर लिंक रोडला सात गाड्या उभ्या. सातही युरोपातल्या. संतोष सगळ्यांत पुढे, लग्नघरातल्या मामासारखा मिरवत. "ह्याच त्या टर्नर ताई," तो प्रत्येकाला सांगत होता. टायरवाली नव्हे, टर्नर. रोहिणीने तो शब्द स्वतःबद्दल चौदा वर्षांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकला आणि ऐकतच राहिली. मग संतोषचं लक्ष भिंतीवरच्या खिळ्याला लावलेल्या रिंगेकडे गेलं.

"ही पाचवी कशाची? स्टेपनीची का? मग माझीच की."

"ती द्यायची नसते, संतोषभाऊ. तो पहिला पीस आहे."

महिन्याभराने मिस्त्रींच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं आणि त्यांना चांगलं लख्ख दिसायला लागलं. पहिल्याच दिवशी ते रोहिणीच्या दुकानात आले, खिळ्यावरची रिंग काढली आणि तिच्याच व्हर्नियरने मोजली. आतून, बाहेरून, परत आतून. आपली अर्धी सहीही बघितली. चूक निघाली असती तर त्यांनी ती गावभर सांगितली असती, तेवढे ते खमके होतेच.

त्यांनी रिंग परत खिळ्याला लावली. व्हर्नियर मात्र परत दिला नाही, तो आपल्या शर्टाच्या खिशात ठेवला. बाहेर एका डॉक्टरीणबाईंची झेक गाडी नव्या चाकांसाठी थांबली होती.

"चल," झुंबर मिस्त्री शेजारच्या गाळ्याकडे वळत म्हणाले. "तू काप. मी मोजतो."